टर्बो गाडीचा मॅफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो) सेन्सर हलवायचा आहे: फिल्टरजवळ ठेवू की इंटरकूलरच्या पुढे नेऊ?

दोन_लिटर | सोमवार, रात्री ९.४०

गाडी २ लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. गेल्या दोन महिन्यांत तिच्यावर दोन मोठी कामं केली. पुढे मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) बसवला आणि एअर फिल्टरचा मूळ डबा काढून कोनाच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला. डब्याच्या तोंडावर जो एअरफ्लो सेन्सर होता तो आता ॲल्युमिनियमच्या पाइपवर आलाय. मांडणी अशी: फिल्टर, त्याला लागून सिलिकॉनचा ९० अंशांचा एल्बो, मग पाइपचा तुकडा, त्यावर वेल्ड केलेली सेन्सरची बैठक, पुढे होज आणि टर्बोचं तोंड. एल्बो संपल्यावर जेमतेम ४ सेंटिमीटरवर सेन्सर येतो, जागाच तेवढी होती. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हही (थ्रॉटल मिटल्यावर टर्बोचा जादा दाब सोडणारा) बदलला. नवा हवा बाहेर सोडतो.

तेव्हापासून तीन गोष्टी छळताहेत. इंजिन गार असताना काही जाणवत नाही, पण गरम झालं की आयडल ७०० ते १,१०० मध्ये झुलत राहतं. बूस्टमध्ये असताना पाय काढून क्लच दाबला की आरपीएम थेट ३०० वर येतात. चारदा तर गाडी बंदच पडली, आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास. तिसरं म्हणजे पी०१७१ हा कोड दोनदा आला, म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे असं गाडीचं म्हणणं.

स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग ट्रिमची (गाडी पेट्रोल आपणहून किती टक्के वाढवते वा घटवते त्याची) बेरीज अशी दिसते: आयडलला अधिक १४ टक्के, २,५०० वर स्थिर धरलं तर उणे ६, ३,५०० वर अधिक ३.

एका मित्राने सुचवलं की सेन्सर उचलून इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे लाव, सगळं मिटेल. पाइप कापायच्या आधी जाणत्यांचं मत हवंय.

चौथा_गिअर | सोमवार, रात्री १०.१५

मित्र बरोबर सांगतोय. मी तीन वर्षं ब्लो-थ्रू चालवतोय, म्हणजे सेन्सर बूस्टच्या बाजूला.

तुमचं क्लच दाबल्यावर बंद पडण्याचं कारण सरळ आहे. सेन्सर टर्बोच्या अलीकडे आहे, त्याने हवा मोजली, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) तेवढं पेट्रोल ठरवलं. मग थ्रॉटल बंद झाला आणि मोजलेली हवा व्हॉल्व्हमधून बाहेर गेली. हवा गेली, पेट्रोल मात्र पडलं. इंजिन गुदमरतं आणि म्हणून तो वास. सेन्सर व्हॉल्व्हच्या पुढे नेला की बाहेर जाणारी हवा मोजलीच जात नाही.

दुसरा फायदा, इंटरकूलरच्या पाइपांत कुठे बारीक गळती असेल तर बूस्ट थोडा कमी मिळेल, पण मिश्रण बिघडणार नाही, कारण मोजणी गळतीनंतर होते. तिसरा, सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यात हातभर पाइप उरतो. अख्ख्या इंटरकूलरमधल्या हवेचा हिशेब मध्ये येत नाही. पॅडलला प्रतिसाद स्वच्छ मिळतो.

जुना_पाना | मंगळवार, सकाळी ७.०५

पाइप कापू नका. तुमची तीन दुखणी आहेत आणि मला ती तीन वेगळ्या कारणांची दिसताहेत. एकाच औषधाने बरी करायला गेलात तर कुठलं कशाने गेलं ते कधीच कळणार नाही.

आधी चार उत्तरं द्या.

मूळ सेन्सर ज्या नळीत होता तिचा आतला व्यास किती, आणि नव्या पाइपचा आतला व्यास किती? बाहेरचा सांगू नका, कॅलिपर आत घालून मोजा.

धुराची टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) केली का?

इंजिनच्या ब्रीदरची (क्रँककेसमधली हवा खेळती ठेवणाऱ्या वाटेची) होज, जी आधी फिल्टरच्या डब्यानंतरच्या रबरी पाइपला येत होती, ती आता कुठे आहे?

सेन्सरवरचा बाण टर्बोच्या दिशेला आहे ना?

दोन_लिटर | मंगळवार, दुपारी १.३०

मूळ नळी आतून ६६ मिमी. नवा पाइप बाहेरून ७० मिमी, पत्रा दीड मिमी, म्हणजे आतून ६७. बाण बरोबर आहे. धुराची टेस्ट केलेली नाही. ब्रीदरच्या होजला नव्या पाइपवर निप्पलच नव्हतं, म्हणून तिच्या तोंडावर छोटा फिल्टर लावून ती मोकळी सोडली आहे. बऱ्याच गाड्यांवर असं पाहिलंय.

जुना_पाना | मंगळवार, दुपारी २.१०

पहिलं दुखणं सापडलं.

व्हॉल्व्ह कव्हरवर दोन वाटा असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डकडे जाते, दुसरी ही ब्रीदरची. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सर्वांत जास्त, त्यामुळे पीसीव्हीमधून क्रँककेसमधली हवा ओढली जाते. त्या जागी नवी हवा ब्रीदरच्या होजने आत येते. कंपनीने ही होज सेन्सरनंतर जोडली होती म्हणून ती हवा मोजलेली असायची. आता ती तुमच्या छोट्या फिल्टरमधून येते, न मोजता. आयडलला एकूण हवाच कमी असते, त्यात ही चोरवाट. अधिक १४ टक्के यातूनच येतंय असं मी धरून चालतो.

खात्री करायची असेल तर गरम इंजिन आयडलला ठेवून त्या छोट्या फिल्टरवर अर्धा मिनिट तळहात दाबून धरा आणि ट्रिम बघा.

आणि इंजिन गार असताना त्रास का नाही, तेही यातच आहे. ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत ईसीयू ओपन लूपमध्ये असतो, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं न ऐकता ठरलेल्या हिशेबाने पेट्रोल देतो, आणि गार इंजिनला मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) ठेवतो. चोरटी हवा त्या जादा पेट्रोलमध्ये झाकून जाते.

दुसरं दुखणं, क्लचवर बंद पडणं. त्याचं कारण चौथा_गिअर यांनी अगदी नीट सांगितलंय. पण त्याचा उपाय सेन्सर हलवणं हाच एक नाही. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी हवा परत फिरवणारा लावा. होज सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपला जोडा, टर्बोच्या जितकी जवळ जमेल तितकी, आणि निप्पल टर्बोच्या दिशेने तिरकं वेल्ड करा. परत येणारी हवा सेन्सरवर आपटली तर नवीन दुखणं सुरू होईल.

तिसऱ्याबद्दल निळी_ज्योत बोलतील तर बरं. त्यांचं रोजचं काम आहे.

निळी_ज्योत | मंगळवार, रात्री ११.२०

इंजिन कॅलिब्रेशन हे माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हा सेन्सर हलवताना नेमकं काय हलतं हे फार कमी जण सांगतात.

सेन्सरमध्ये एक तापवलेली तार किंवा फिल्म असते. आजूबाजूच्या हवेपेक्षा ती ठरावीक अंशांनी गरम ठेवायची, एवढंच तिथल्या सर्किटचं काम. हवा वाहिली की ती गार होते, तिला पुन्हा तापवायला करंट लागतो, आणि त्या करंटवरून व्होल्ट तयार होतात. काही गाड्यांत व्होल्टऐवजी फ्रिक्वेन्सी असते, तत्त्व तेच.

पण तार पाइपमधली सगळी हवा बघत नाही. तिच्या बारीक खिडकीतून जेवढी जाते तेवढीच बघते. म्हणजे सेन्सर मोजतो एका बिंदूवरचा प्रवाह. त्यावरून पूर्ण पाइपमधून किती ग्रॅम गेली हे ईसीयूतला तक्ता सांगतो: इतके व्होल्ट म्हणजे इतके ग्रॅम प्रति सेकंद. तो तक्ता कंपनीने त्या व्यासाच्या, त्या लांबीच्या, त्या फिल्टरच्या डब्याला जोडलेल्या नळीत बसवून तयार केलेला असतो. सेन्सर, नळी आणि तक्ता हे तिघं मिळून एक माप आहे. तुम्ही नळी बदलली आणि बाकी दोघांना कळवलं नाही.

व्यासाचा फरक आधी बाजूला काढू. ६७ भागिले ६६, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे १.०३. पाइप ३ टक्के मोठा झाला, तेवढीच हवा थोडी हळू वाहते, सेन्सर ३ टक्के कमी सांगतो. म्हणजे व्यासामुळे ट्रिम सगळीकडे साधारण अधिक ३ यायला हवे. तक्त्याला १.०३ ने गुणलं की हा भाग संपतो. हाच पाइप आतून ७६ मिमी असता तर फरक ३३ टक्क्यांवर गेला असता. एवढा फरक ट्रिमच्या आवाक्यातला नसतो.

तुमच्या आकड्यांत मला टोचलं ते २,५०० वरचं उणे ६. चोरटी हवा असेल तर ट्रिम अधिक होतात. व्यास मोठा असेल तरी अधिक होतात. उणे होतात जेव्हा सेन्सर खऱ्याहून जास्त हवा सांगतो. आणि ३,५०० वर पुन्हा चिन्ह उलटतं. असं वर-खाली होणं ही बेंडची खूण आहे. वळणावर हवा बाहेरच्या भिंतीकडे रेटली जाते, आतल्या बाजूला मंद पडते, आणि वळण संपल्यावर काही अंतर भोवऱ्यासारखी फिरत जाते. प्रवाह वाढला की तो भोवरा जागा बदलतो. एका वेगाला तुमची तार जोरदार पट्ट्यात असते, दुसऱ्याला मंद पट्ट्यात.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. तुमचा एल्बो सिलिकॉनचा आहे आणि पाइप वेगळा, म्हणून जमेल. क्लॅम्प सैल करा आणि पाइप स्वतःभोवती ९० अंश फिरवा, म्हणजे सेन्सर वरून बाजूला येईल. बाकी काहीही बदलू नका. पुन्हा त्याच तीन ठिकाणी ट्रिम लिहा. गळती असेल तर आकडे जागेवर राहतील. बेंडचा खेळ असेल तर बदलतील.

आता ज्या कारणासाठी एवढं लिहिलं ते. क्रूझवर ऑक्सिजन सेन्सर चूक सावरतो, त्यामुळे गाडी बरी चालते. पूर्ण थ्रॉटलला, पूर्ण बूस्टमध्ये, बहुतेक गाड्या ओपन लूपमध्ये जातात. तिथे सावरणारं कुणी नाही. सेन्सर कमी हवा सांगत असेल तर पेट्रोल कमी पडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ईसीयू त्याच आकड्यावरून लोड (इंजिनवरचा भार) काढतो आणि लोडवरून स्पार्कचं टायमिंग ठरवतो. लोड कमी दिसला तर टायमिंग जास्त ॲडव्हान्स. म्हणजे लीन मिश्रण आणि पुढे सरकलेला स्पार्क, दोन्ही एकदम, आणि तेही बूस्टमध्ये. नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकण्याला) याहून चांगली संधी मिळत नाही. पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटलेली इंजिनं मी उघडलेली पाहिली आहेत. मालक सांगतो, गाडी तर मस्त चालत होती.

तोवर कृपा करून पूर्ण बूस्ट वापरू नका.

काळा_धूर | बुधवार, सकाळी ८.४५

मध्येच विचारतो. माझं टर्बो डिझेल आहे, सेन्सर पाइपवर थोडा मागे घ्यायचाय. डिझेलमध्ये पेट्रोलसारखं हवेवर इंधन ठरत नाही ना? मग चालेल का?

निळी_ज्योत | बुधवार, सकाळी ९.३०

डिझेलमध्ये इंधन पॅडलवरून ठरतं हे बरोबर. पण ईसीयू हवेच्या आकड्यावर दोन कामं करतो. एक म्हणजे ईजीआर (जळलेला वायू परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा, कारण ठरलेल्या हवेपेक्षा ताजी हवा किती कमी येते ते बघूनच तो व्हॉल्व्ह चालवतो. दुसरं, धुराची मर्यादा: हवा कमी दिसली की इंधनाला वरून आळा बसतो. सेन्सर कमी सांगायला लागला तर ईजीआर गरजेपेक्षा मिटून राहील आणि पिकअप मेलेला वाटेल. जास्त सांगायला लागला तर तुमचं टोपणनाव खरं होईल. व्यास आणि सरळ लांबी, नियम तेच.

चौथा_गिअर | बुधवार, दुपारी १२.००

ताई, तुमचं सगळं पटलं. तरी ब्लो-थ्रूला एवढं मागे का ठेवताय? बूस्टमध्ये दाब दुप्पट असतो म्हणून सेन्सर चुकतो असं बरेच जण मानतात, पण माझा अनुभव तसा नाही.

निळी_ज्योत | बुधवार, दुपारी १२.४०

दाबामुळे चुकतो हा समज चुकीचाच आहे, तुमचा अनुभव खरा आहे. त्याच व्यासाच्या पाइपमध्ये दाब दुप्पट झाला तर, तापमान सारखं धरून, घनता दुप्पट आणि वेग निम्मा. तारेला जाणवतो तो घनता आणि वेग यांचा गुणाकार, आणि तो तोच राहतो. म्हणून ब्लो-थ्रू चालतं.

माझी काळजी वेगळी आहे. बहुतेक सेन्सरांत हवेचं तापमान मोजणारा आयएटीही त्याच डबीत असतो. ड्रॉ-थ्रूमध्ये, म्हणजे सेन्सर टर्बोच्या अलीकडे असताना, तो बाहेरच्या हवेचं तापमान सांगतो आणि ईसीयूच्या दुरुस्त्या तसंच धरून लिहिलेल्या असतात. डबी इंटरकूलरच्या पुढे नेली की तोच आयएटी २० ते ३० अंश जास्त दाखवू लागतो. टायमिंग मागे येईल, गाडी मंद वाटेल, आणि लोकांना वाटतं सेन्सर बिघडला. काही गाड्यांत मॅनिफोल्डवर दुसरा तापमान सेन्सर असतो, तिथे हिशेब वेगळा.

दुसरं तेल. टर्बोच्या सीलमधून आणि ब्रीदरमधून येणारं बारीक तेल इंटरकूलरच्या पाइपांत नेहमी असतं. पाइप काढून आत बोट फिरवलं की कळतं. तारेवर त्याचा थर बसला की उष्णता नीट निघत नाही आणि सेन्सर हळूहळू कमी सांगू लागतो. तिसरं, मूळ सेन्सरची ओरिंग आणि दोन छोटे स्क्रू हे दाब धरण्यासाठी बनवलेले नसतात.

आणि कुणी टर्बो आणि इंटरकूलर यांच्या मध्ये लावायचा विचार करत असेल तर तो सोडून द्या. २० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ती ११० अंशांच्या वर बाहेर पडते.

चौथा_गिअर | बुधवार, दुपारी १.१५

आयएटीचं मला कळलं तेव्हा दोन महिने गेले होते. मी तो वेगळा काढून फिल्टरच्या मागे नेला आणि नंतर ईसीयूचा मॅप (इंधन आणि टायमिंगचे तक्ते) पूर्ण नव्याने लिहून घेतला. तेलाने सेन्सर दोनदा गेला. मग ब्रीदरवर कॅच कॅन (तेल अडवणारा डबा) बसवला तेव्हापासून तिसरा टिकलाय. स्क्रूऐवजी जाड फ्लँज आणि मोठे बोल्ट केले.

मला अजूनही तीच मांडणी आवडते, कारण माझा टर्बो मोठा आहे आणि फिल्टर ते टर्बो यांच्यात वीतभरही पाइप नाही. ड्रॉ-थ्रूला जागाच नव्हती. दोन_लिटर यांच्याकडे जागा निघत असेल तर मीही आता थांबा म्हणेन.

नवशिका_चार | बुधवार, दुपारी ३.२०

हा सेन्सर काढूनच टाकला आणि फक्त दाबाच्या सेन्सरवर चालवली तर? मग पाइप कसाही वळवा.

निळी_ज्योत | बुधवार, संध्याकाळी ६.०५

त्याला स्पीड-डेन्सिटी म्हणतात आणि कित्येक गाड्या कारखान्यातूनच तशा येतात. मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून हवा किती असेल ते काढायचं. त्यासाठी इंजिन प्रत्येक आरपीएम आणि दाबाला किती भरतं याचा तक्ता लागतो. तो ईसीयूत नसेल तर शून्यापासून बनवायचा. पुढे कॅम बदलला, एक्झॉस्ट बदलला, की तक्ता पुन्हा. एअरफ्लो सेन्सर हे बदल स्वतःच मोजतो. मोठा टर्बो आणि मोकळा ईसीयू असेल तर जरूर करा. आयडल झुलतंय म्हणून करू नका.

दोन_लिटर | गुरुवार, रात्री १०.३०

दोन्ही चाचण्या केल्या.

ब्रीदरच्या फिल्टरवर हात धरला आणि वीस सेकंदांत शॉर्ट ट्रिम खाली यायला लागला. एकूण अधिक १४ चा अधिक ५ झाला. हात काढला की परत वर. मी स्वतः लावलेला फिल्टर होता तो.

मग पाइप ९० अंश फिरवला. २,५०० वर उणे ६ चा अधिक ७ झाला. ३,५०० वर अधिक ३ चा उणे २. आयडलला फारसा फरक नाही. नंतर धुराची टेस्टही केली: इंटरकूलरच्या खालच्या जोडाला क्लॅम्पपाशी बारीक धूर दिसला. क्लॅम्प तिरका बसला होता, तो बदलला.

म्हणजे सेन्सर हलवायचाच आहे, पण इंटरकूलरकडे नाही. फिल्टर खाली फेंडरच्या पोकळीत नेला तर एल्बो आणि टर्बो यांच्यात ५० सेंटिमीटर सरळ पाइप मिळतो. सेन्सर कुठे आणि कसा बसवू? या वेळी घाई करणार नाही.

जुना_पाना | शुक्रवार, सकाळी ६.५०

हात धरून बघितलंत याचा आनंद झाला. आता नीट ऐका.

प्रवाह मोजणाऱ्यांच्या पुस्तकी नियमात वळणानंतर व्यासाच्या दहा पट सरळ लांबी हवी. ६७ मिमीला ते ६७ सेंटिमीटर होतात आणि गाडीत तेवढी जागा कुणालाच नसते. मी निदान पाच पट धरतो, म्हणजे ३४ सेंटिमीटर एल्बोनंतर, आणि सेन्सरच्या पुढे टर्बोकडे आणखी व्यासाच्या दोन पट. तुमच्या ५० मध्ये हे बसतं. मूळ नळीच्या तोंडाशी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होती का? असेल तर ती फेकू नका. काही जण प्रवाह वाढतो म्हणून ती काढतात. ती हवा सरळ करण्यासाठीच बसवलेली असते.

सगळ्यात उत्तम म्हणजे मूळ नळीच सेन्सरसकट कापून घ्या आणि दोन्ही टोकांना होजने नव्या पाइपात जोडा. ६६ मिमी कायम, जाळी कायम, बैठकीची खोली कायम, ३ टक्क्यांचा हिशेबही उरत नाही. ६६ आणि ६७ च्या जोडाला आतून पायरी राहणार नाही एवढं बघा.

नळी वापरता येत नसेल आणि बैठकच वेल्ड करायची असेल तर सेन्सरची खिडकी मूळ नळीत भिंतीपासून जितकी आत होती तितकीच आत हवी. दोन मिमी उंच बैठक झाली तर खिडकी मध्यापासून सरकते. वेल्डिंग टिगने करा आणि आत उतरलेला मणी घासून सपाट करा. पाइपच्या आतली एक गाठ सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. भुसा आणि पत्र्याचा कीस धुऊन मगच सेन्सर लावा, पुढे टर्बोचं कंप्रेसर व्हील आहे.

ब्रीदरचं निप्पल सेन्सरनंतर. व्हॉल्व्हच्या परतीचं निप्पल त्याच्याही पुढे, टर्बोजवळ. सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्यात, थोडा कलता. खाली तोंड करून लावला तर तेल आणि पाणी त्यातच साचतं.

वायरिंग लांबवावं लागेल. तोडलेल्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळून सोडू नका. त्याच जाडीची तार, नीट क्रिंप, वर गोंद असलेली हीट श्रिंक. सिग्नलची तार आणि तिची सेन्सर ग्राउंड दोन्ही सोबत पिळून न्या. ती ग्राउंड बॉडीला जोडायची नाही, ईसीयूकडेच परत गेली पाहिजे. कॉइल आणि अल्टरनेटरच्या तारांपासून लांब. आयडलला एक-दोन दशांश व्होल्टचा गोंगाट मिसळला तरी गाडी झुलते.

पाइपला इंजिनऐवजी बॉडीला ब्रॅकेट द्या आणि टर्बोकडे लवचीक होज ठेवा.

शेवटचं, सेन्सर साफ करायचा तर त्याचाच स्प्रे. ब्रेक क्लीनर नाही, कार्ब क्लीनर नाही, इअरबड तर नाहीच. जुन्या तारेच्या सेन्सरांत इंजिन बंद केल्यावर तार सेकंदभर हजार अंशांवर तापवून घाण जाळायची सोय असायची. फिल्मच्या सेन्सरांत ती नाही. कापडी फिल्टरला तेल जास्त लावलं तरी तेच तेल फिल्मवर जातं.

निळी_ज्योत | शुक्रवार, सकाळी १०.१०

मूळ नळी वापरण्याला माझं पूर्ण अनुमोदन. फक्त एक भर: बसवल्यानंतर आधीचे लाँग ट्रिम पुसा आणि निदान दोन दिवस साधं चालवा. मग लॉग घ्या, त्यात सेन्सरचे व्होल्ट, ग्रॅम प्रति सेकंद, दोन्ही ट्रिम, आरपीएम आणि नॉकचा रिटार्ड (नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग) एवढं तरी असू द्या. जमलं तर वाइडबँडही (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर).

आकडे कुठल्या पट्ट्यात हवेत त्याचा अंदाज देते. २ लिटर इंजिन आयडलला साधारण २ ते ४ ग्रॅम प्रति सेकंद घेतं. ६,००० आरपीएमला टर्बोशिवाय ते सेकंदाला १०० लिटर जागा रिकामी करतं, ९० टक्के भरलं आणि हवा लिटरला १.२ ग्रॅम धरली तर १०८ ग्रॅम. त्यावर १ बार बूस्ट आणि इंटरकूलरनंतर ५० अंश हवा धरली तर १९५ च्या आसपास. तुमचा आकडा यापासून फार दूर असेल तर पूर्ण थ्रॉटल सोडा आणि मला लॉग दाखवा.

दोन_लिटर | पुढचा रविवार, संध्याकाळी ७.२५

काम झालं. मूळ नळी कापून वापरली, जाळी जागेवर आहे. एल्बोपासून सेन्सरपर्यंत ३६ सेंटिमीटर मिळाले. ब्रीदर परत सेन्सरनंतर जोडला. हवा परत फिरवणारा व्हॉल्व्ह लावला, परत येणारी होज टर्बोपासून ८ सेंटिमीटरवर.

तीन दिवस चालवून ट्रिम असे: आयडलला अधिक २, २,५०० वर उणे १, ३,५०० वर अधिक १. आयडल ७५० वर स्थिर. बूस्टमधून पाय काढून क्लच दाबण्याचा प्रयोग मोकळ्या रस्त्यावर वीस वेळा केला. एकदाही बंद पडली नाही, वासही गेला. कोड परत आला नाही.

काल डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) कमी बूस्टपासून सुरुवात केली आणि नॉक बघत बघत वर गेलो. सगळ्यात वरचा आकडा ६,००० ला १८८ ग्रॅम. एकच गोष्ट खटकते. ३.९ ते ४.१ व्होल्टच्या पट्ट्यात ईसीयू लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, त्याहून कमी म्हणजे रिच) ०.८२ मागतोय आणि वाइडबँड ०.८८ दाखवतोय. त्याच्या खाली आणि वर जुळतंय. नॉकचा रिटार्ड शून्य आहे.

निळी_ज्योत | रविवार, रात्री ८.५०

फार छान काम. आकडे बघून मनापासून बरं वाटलं.

०.८८ भागिले ०.८२ म्हणजे १.०७. त्या पट्ट्यात सेन्सर ७ टक्के कमी सांगतोय. तक्त्यातल्या ३.९ ते ४.१ व्होल्टच्या घरांना १.०७ ने गुणा आणि शेजारच्या दोन-दोन घरांत तो फरक हळूहळू विरवत न्या, मध्येच कडा राहू देऊ नका. वरच्या टोकाला ०.१ व्होल्टमध्ये १० ग्रॅमहून जास्त हवा मावते, त्यामुळे तिथली कडा पॅडलमध्ये झटक्यासारखी जाणवते. पण त्याआधी ती पुल (डायनोवरची पूर्ण थ्रॉटलची धाव) आणखी दोनदा करा. तिन्ही वेळा तोच पट्टा लीन दिसला तरच तक्ता बदला.

आणि हे इंजेक्टरच्या आकड्यांत फिरवून जुळवू नका. चूक हवेच्या मोजणीत आहे, तिथेच सुधारली की लोड आणि टायमिंगही आपोआप बरोबर येतात.

दोन_लिटर | सोमवार, रात्री ९.१५

आज दोनदा पुल केल्या, तोच पट्टा, ०.८७ आणि ०.८८. तक्ता बदलला, आता ०.८२ ते ०.८३. तुम्हा तिघांचे फार आभार.

एकच शंका उरली. फिल्टर आता फेंडरमध्ये बराच खाली आहे. पावसात चालेल ना?

जुना_पाना | मंगळवार, सकाळी ७.००

शिंतोड्यांनी काही होणार नाही, चाकाच्या बाजूचं प्लास्टिकचं लायनर मात्र पूर्ण बसवलेलं हवं. साचलेल्या पाण्यात फिल्टरचा तळ बुडाला तर इंजिन पाणी ओढेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. जमिनीपासून फिल्टरच्या तळापर्यंतची उंची आजच टेपने मोजा आणि लक्षात ठेवा. पाणी त्याच्या आसपास दिसलं तर गाडी उलटी वळवा.

पहिल्या पावसानंतर फिल्टर काढून आतून हात फिरवा. ओल लागली तर खालच्या बाजूला पत्र्याची आडोशाची पट्टी मारा, आणि सेन्सरची फिल्म टॉर्च मारून बघा.